उचलता येईल ती गाडी

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मोटरसायकल शिकायला निघालेल्या बाईला सल्ला द्यायला अख्खं गाव रिकामं असतं. किहीमच्या मागे, भाताच्या शेतांत आमचं गाव. तिथल्या शाळेत मी शिकवते. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी, दोघंच. बाबांच्या पोटात गाठ निघाली आणि अलिबागच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. रिक्षा फाट्यावर मिळायची आणि फाट्यापर्यंतचा कच्चा रस्ता बाबांना चालवेना. दर वेळी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? मी ठरवलं, गाडी घ्यायची आणि बाबांना मीच न्यायचं.

शेजारी राहणारा चुलतभाऊ म्हणाला, घ्यायचीच तर दणदणीत घे, रस्त्यावर वजन पडतं. शोरूममधला माणूस मला सरळ स्कूटरकडे घेऊन गेला आणि रंग दाखवायला लागला. मी काही साडीच्या दुकानात आले नव्हते. असली लहान चाकं आमच्या खड्ड्यात गेली तर बाहेर यायला मुहूर्त बघतील, असं त्याला सुनावून मी घरी आले. मला राग लवकर येतो. त्या दिवसांत तर उठता-बसता यायचा, कारण रडायला फुरसत नव्हती.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. कंपनीत नोकरीला होते तोवर त्यांनी उन्हापावसात मोटरसायकलच चालवली. ती जुनी गाडी अजून पडवीत होती, आणि मला आशा होती की तीच मला देतील. त्यांनी अंगणात पेंढा पसरायला लावला आणि चुलतभावाला सांगितलं, "आडवी कर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उचल."

मी ओढली, ढकलली, तिला चार शिव्याही दिल्या. गाडी तसूभर हलली नाही.

"मग ही तुझी न्हाय," बाबा म्हणाले. "गाडी एक दिवस पडनारच. तेव्हा बाजूला कोनी नसल. एकटीला उचलता येते ती आपली गाडी. रंग नि आवाज मागनं बघायचा."

"तुम्ही उचलून दाखवा ना," मी म्हटलं आणि जीभ चावली. बाबा नुसते त्या आडव्या गाडीकडे बघत राहिले. शेवटी चुलतभावाने ती उभी करून पडवीत लावली.

शोरूममधली नवी गाडी पेंढ्यावर कोण लोळवू देणार? गावातल्या दूधवाल्याकडे शंभर सीसीची साधी, हलकी गाडी होती. बाबांनी त्याला गाडीसकट बोलावून घेतलं. तो बिचारा जीव मुठीत धरून उभा राहिला. बाबा खुर्चीवर बसून सांगत होते, "पहिला इंजिन बंद. आता स्टँड बाहेर काढ, न्हायतर उचलून दुसऱ्या अंगाला पाडशील. पाठ सीटला लाव. गुडघ्यातनं उठ, कमरेतनं नको." दोनदा फसलं. तिसऱ्या खेपेला मी पाय मागे रेटत उठले आणि गाडी माझ्याबरोबर उभी राहिली. माझ्या केसांत पेंढा अडकला होता.

"जमला गो तुला," बाबा म्हणाले. माझी नोकरी पक्की झाली तेव्हाही ते इतके खूश झाले नव्हते.

तसलीच नवी गाडी आम्ही घेतली. सीट ठेंगणी होती, दोन्ही पाय जमिनीवर पुरे टेकायचे. मे महिन्यात शाळेच्या मैदानात घिरट्या घालून शिकले, परवाना काढला आणि एका सकाळी गाडी दारात आणली. बाबांनी सीट धरून उजवा पाय उचलला. तो मध्येच थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा थांबला.

आमच्याकडे दोन्ही पाय एका बाजूला सोडून बायका बसतात. पुरुष तसा बसला तर नाक्यावर महिनाभर तोच विषय. साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी लावलेली असते, त्या बाजूला बाबा दोन्ही पाय सोडून बसले. एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्याने डोक्यावरचा टॉवेल तोंडापर्यंत ओढला. "ऊन लागतं," म्हणाले. सूर्य अजून नारळांच्या मागे होता.

नाक्यावर कुणी एक शब्द काढला असता तर मी गाडी त्याच्या अंगावर घातली असती. कुणी काढला नाही. सगळ्यांनी माना दुसरीकडे वळवल्या, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सगळा पावसाळा आम्ही असेच गेलो-आलो. सुरुवातीला बाबा माझा खांदा इतका घट्ट धरायचे की घरी आल्यावर दुखायचा. मग फेरीगणिक तो हात हलका होत गेला. मला वाटलं, माझ्या हातावर त्यांचा विश्वास बसला. मनातून मी फुशारले होते.

भात कापणीला आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता आणायची दगदग करू नका, घरीच असू द्या. आम्ही घरी परत आलो. अंगणात उतरताना बाबांचा तोल गेला आणि ते खालीच बसले. लागलं नव्हतं, पण उठता येईना. चुलतभाऊ शेतावर गेला होता. मी गाडी स्टँडला लावली, बाबांसमोर उकिडवी बसले, त्यांच्या काखेत हात घातले आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून गुडघ्यातनं उठले.

बाबा एका झटक्यात वर आले. एवढा जोर लागणारच नव्हता. मीच मागे कोलमडता कोलमडता वाचले. त्यांना छातीशी धरून उभी राहिले तेव्हा मला कळलं, खांद्यावरचा हात कशाने हलका झाला होता.

"जमला गो तुला," ते माझ्या कानाशी म्हणाले.

मला ते जमायला नको होतं.