कोंबडीविना पांढरं

थोरलीचा हट्ट घरात सगळ्यांच्या परिचयाचा होता. कोंबड्यांवर साथ आली तेव्हा वडिलांच्या सगळ्या कोंबड्या, धडधाकट होत्या त्यासुद्धा, सरकारी माणसांनी खड्ड्यात पुरल्या. रिकाम्या खुराड्यांसमोर उभी राहून ती म्हणाली, "अंड्यातलं पांढरं कोंबडीविना करून दाखवीन."

वडील कडवट हसले. "आईशिवाय लेकरू झालंय कधी?"

पुढे ती प्रयोगशाळेत लागली आणि हात धुऊन त्याच्याच मागे लागली. गव्हाच्या दाण्यातला कोंब काढायचा, वाटायचा, यंत्रात गरगरवून निवळ पाणी घ्यायचं. पेशी फुटून गेलेली असते, पण प्रथिनं घडवणारी तिची अवजारं त्या पाण्यात शाबूत राहतात. त्यांना कोंबडीच्या जनुकाचा निरोप दिला की गव्हाची अवजारं कोंबडीचं प्रथिन घडवतात. निदान पुस्तकात तरी. तिच्या नळीत वर्षभर काही घडेना.

"गहू सोड," विभागप्रमुख म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याही मागे वरून तगादा होता. "सगळे जिवाणू वापरतात. सोमवारपासून तूही."

"नाही वापरणार."

"मग मदतनीस मिळणार नाही."

"नको."

कोंबाला चिकटलेलं पीठ काम बंद पाडतं, हे तिला माहीत होतं. आपण धुण्यात कमी पडतोय, असा तिला संशय होता. मग ती एकटीच भिंगाखाली कोंब निवडत, धूत बसली. बोटं सुरकुतली. सहकारी तिला 'धुणीवाली' म्हणू लागले. प्रमुख दारातून डोकावत, ती मान वर करत नसे.

आणि एका सकाळी तपासणीच्या पट्टीवर, हवी तिथेच, निळी रेघ उमटली: कोंबडीचं प्रथिन घडलं होतं.

"एकदा आली म्हणून काय झालं?" प्रमुख म्हणाले.

"पुन्हा करते. तुम्ही शेजारी उभे राहा."

ते उभे राहिले. रेघ पुन्हा आली. सोमवारचा विषय प्रमुखांनी परत काढला नाही.

कितीतरी खेपांचं साठवून तिने वडिलांपुढे वाटीभर ठेवलं. त्यांनी ते काट्याने फेटलं. फेस चढला, जरा थांबला आणि बसला.

"टिकत नाही," ते म्हणाले.

"दिसतंय मला. टिकवीन."

"चव बघू?"

"अजिबात नाही. अजून खाण्याजोगं नाही."

त्यांनी वाटी बाजूला सारली. "आणि तुझ्या साहेबांसारखं मीही सांगितलं असतं, सोड म्हणून, तर?"

"तुम्हालाही नाही म्हणाले असते, बाबा."