वैनीनं निवडलेलं शहर

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या आमच्या घराच्या गच्चीवर वाल वाळत घालत होते. "आत्या, आई गेली," एवढंच तो म्हणाला. महिनाभर आम्ही सगळे याच फोनची वाट पाहत होतो, तरी हातातलं सूप खाली ठेवायचं मला सुचेना. किन्हवलीमार्गे मुरबाडला जाणाऱ्या जीपमध्ये बसल्यावर शेजारच्या बाईनं माझ्या पदराला अडकलेले दोन वाल काढून माझ्या हातात दिले आणि विचारलं, "कोण गेलं गो?" मी म्हटलं, "माझी वैनी." रडू आलं ते तेव्हा.

शालन वैनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होते. माझं सगळं लहानपण तिनं शिवलेल्या कपड्यांत गेलं, पुढे शिक्षिका म्हणून पहिल्या दिवशी शाळेत गेले तेव्हाचा ब्लाउजही तिच्याच हातचा होता. मुरबाडमध्ये एसटी स्टँडच्या मागच्या आळीत, घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं. गावोगावच्या नवऱ्या मुली तिथं मापं द्यायला यायच्या. बुजऱ्या पोरीला ती आधी पाणी द्यायची, मग म्हणायची, "श्वास सोड गो. श्वास धरून माप दिलंस तर लग्नात जेवता नाय येणार." पोरगी हसली की टेप लावायची.

माझा दादा एसटीत कंडक्टर होता. माणूस फार चांगला. कल्याणची ड्यूटी असली की घरात लागेल ते सगळं तोच घेऊन यायचा, अगदी वैनीच्या साड्यासुद्धा. त्याला मळखाऊ रंग आवडत. राखाडी, तपकिरी, मातकट... आयुष्यभर दुसऱ्यांच्या रंगीत कापडात बसलेली ही बाई स्वतः मात्र धुळीच्या रंगात वावरली. एकदा मी विचारलं, "वैनी, ही आवडली का तुला?" ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "आणली ना त्यांनी हौसेनं." तेवढ्यावर ते संपलं.

दादा गेल्यावर दोनेक वर्षांनी प्रशांत म्हणाला, "आई, तुला युरोपच्या टूरला पाठवतो. बर्फ बघून ये, डोंगर बघून ये." वैनी म्हणाली, "डोंगर मला माळशेजचा पुरे. मला तिथले बाजार बघायचेत. दुकानात शिरायचं, सगळं खाली काढायला लावायचं आणि मला हवं ते मी घ्यायचं. आणि पैसे तुझे नकोत, माझे हायत." प्रशांत माझ्याकडे बघायला लागला. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. म्हटलं, मी जाते तिच्याबरोबर.

मग कुठल्या शहरांत जायचं, ते ठरवायला आमचा अख्खा उन्हाळा गेला. दर रविवारी मी मुरबाडला जायचे. प्रशांतनं दिलेला टॅब मशीनच्या फळीवर उभा करायचा आणि एकेक शहर बघायचं. राजवाडे, पुतळे, पूल आले की वैनी म्हणायची, "पुढं सरकव." तिचा प्रश्न एकच असायचा, तिथं काय मिळतं? पॅरिसची अत्तरं सांगितली तर म्हणाली, "नको, माझं डोकं उठतं." लंडनचं नाव काढल्यावर हसली. "ते आपलाच कापूस नेऊन आपल्यालाच कापड विकायचे म्हणून तूच शाळेत शिकवायचीस ना? राहू दे त्यांना." मिलानची दुकानं तिनं बराच वेळ पाहिली. "कपडे बरे हायत, पण काचेपल्याड. हात लावू देत नसतील." प्रागचे काचेचे मणी आणि बटणं पाहून मात्र ती टॅबच्या अगदी जवळ गेली. ब्रुसेल्सची लेस आवडली. फ्लॉरेन्स माझ्या आग्रहाखातर आलं, कारण मला तिथली चित्रं बघायची होती. अशी तीन शहरं ठरली. व्हिसासाठी मुंबईला जाऊन आलो, बोटांचे ठसे देताना वैनी त्या मुलीला म्हणाली, "सुया टोचून टोचून झिजलेत गो, उमटतील ना?"

पावसाळ्यात तिला कावीळ झाली असं वाटलं. औषधं झाली, पथ्य झालं. मग कल्याणला तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून पोटातल्या गाठीचं सांगितलं. वैनी शांतपणे ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "मग मी फिरायला जाऊ का नको?" डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले. म्हणाले, "जायचं तर उपचारांचा पहिला टप्पा संपल्यावर लगेच जा. थोडेच दिवस. आणि एकाच ठिकाणी राहा, दगदग नको."

प्रशांत हे ऐकायलाच तयार नव्हता. "आई, परक्या देशात काही झालं तर आत्यानं एकटीनं काय करायचं?" तो चिडलेला नव्हता, घाबरला होता. वैनीनं त्याला जवळ बसवलं. "होणार ते इथंबी होणारच हाय रे. पण दारात बसून त्याची वाट मी नाय बघणार." मग उठून त्यानंच औषधांच्या पिशव्या करायला घेतल्या.

आता तिनातलं एक शहर ठेवायचं होतं. ती प्रागच म्हणणार, याची मला खात्री होती. वैनी म्हणाली, "फ्लॉरेन्स."

"माझ्यासाठी म्हणत असशील तर नको," मी म्हटलं.

"तुझ्यासाठी नाय. तिथं ते एक दुकान दाखवलं होतं बघ. बाई गिऱ्हाइकाचं कोपर उशीवर ठेवते आणि हाताला हातमोजा बसवते. मला तसं बसायचंय. आजपर्यंत सगळ्यांची मापं मी घेतली, माझं कुणी घेतलं नाय."

मी न राहवून म्हटलं, "पण वैनी, ते चामड्याचे असतात." आमच्या घरात चामडं हा साधा विषय नाही. माझे आणि वैनीचेही आजोबा गावची मेलेली ढोरं ओढत. धम्म स्वीकारल्यावर त्यांनी ते काम सोडलं, गावाचा राग सोसला, आणि त्यानंतर घरात कुणी त्याबद्दल बोलतही नसे. वैनी माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांच्याकडून ते करवून घेतलं होतं बेबी. हे मी माझ्या मनानं घेतेय. दोन्ही एक कसं होईल?"

फ्लॉरेन्समध्ये आम्ही पाच-सहा दिवस राहिलो. वैनी थोडं चालायची, मग चौकातल्या बाकावर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायांच्या कपड्यांची शिवण बघायची. चित्रं बघायला मी गेले, तेव्हा ती बाहेरच्या पायऱ्यांवर ऊन खात बसली. दुकानात जायचं तिनं तब्येत बरी वाटेल त्या दिवसावर ठेवलं होतं. त्या सकाळी अंघोळ करून ती नवी साडी नेसली.

दुकान अगदी चिंचोळं होतं, भिंतभर खण. गल्ल्यामागची बाई वैनीच्याच वयाची असावी. तिनं छोटी उशी पुढं सरकवली. वैनीनं कोपर टेकलं, हात वर केला. बाईनं तो हात हातात घेतला आणि बघतच राहिली. बोटांच्या टोकांवर सुया टोचल्याच्या खुणा, अंगठ्यावर कात्रीचा घट्टा... तिनं दोन बोटांनी हवेत टाके घालून दाखवले. वैनीनं जोरात मान हलवली आणि पाय खालीवर करून मशीन चालवून दाखवलं. दोघी हसल्या. त्यानंतर माझ्या इंग्रजीची त्यांना गरज लागली नाही.

बाईनं आधी काळे आणि तपकिरी काढले. वैनी म्हणाली, "नाय." बाईला ते बरोबर समजलं. मग एकेक खण रिकामा होत गेला. पिवळे, हिरवे, निळे, गुलाबी असे हातमोजे गल्लाभर पसरले आणि वैनी त्यांत हात फिरवत राहिली. घाई तिला नव्हती आणि त्या बाईलाही नव्हती. शेवटी तिनं पिकल्या जांभळाच्या रंगाचा जोड उचलला. बाईनं एकेक बोट खाली दाबत, मनगटापर्यंत हलकेच ओढत तो चढवला. वैनीनं मूठ मिटली, उघडली. "बघ गो," ती मला म्हणाली, "कुठं वळी नाय पडली." तिचे डोळे भरले होते. मी दुसरीकडे बघत राहिले.

परत आल्यावर तिनं ते ठेवणीत टाकले नाहीत. जवळच्या म्हसा गावच्या जत्रेला ती माझ्याबरोबर आली, तेव्हा साडीवर स्वेटर आणि हातात जांभळे हातमोजे. बैलांच्या बाजारात माणसं वळून बघत होती. कुणीतरी विचारलं, "काय वो मावशी, हाताला लागलं काय?" वैनी म्हणाली, "नाय रे, थंडी हाय. आणि आवडतात मला." पाळण्यांपाशी आम्ही उसाचा रस प्यायलो. तिला दोन घोटांवर गेला नाही, उरलेला मी संपवला. तिचं ते शेवटचं बाहेर पडणं.

वैनीच्या आठवणीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर पाहुणे पांगले. वैनीच्या सुनेनं ते हातमोजे माझ्यापुढे आणून ठेवले. "आत्या, तुमी ठेवा. तुमी होता ना बरोबर." पुढच्या खोलीत मशीनजवळच्या स्टुलावर मी बसले आणि उजवा हातमोजा घालून पाहिला. अंगठ्यापाशी तो अडकला. करंगळीचं टोक रिकामंच राहिलं. थोडा ओढून पाहिला, मग ओढायचं सोडून दिलं... त्या हातमोज्याला माझा हात नको होता. मला फार बरं वाटलं. तो काढून मी दुसऱ्याच्या जोडीला नीट ठेवला आणि सुनेला म्हटलं, "इथंच असू दे. हे वैनीच्या मापाचे आहेत."