देवाचं चुकलं म्हणणारे मामा

आमच्या मामेसासऱ्यांइतका पाखंडी माणूस अख्ख्या डिंडोलीत नाही, आणि त्यांच्याइतकी रसाळ पोथी वाचणाराही नाही. हे दोघे एकच गृहस्थ आहेत, हा धक्का लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला पचलेला नाही. मी तसा भित्रा भाविक. रस्त्यात शेंदूर फासलेला दगड दिसला तरी हात जोडणारा. पहिल्याच भेटीत मामांनी विचारलं, "जवाईबापू, देव मानता का?" मी अदबीनं हो म्हटलं. "माना, माना. मी नाही मानत. पण गोष्टी त्याच्या फार झकास आहेत हो!" आणि झोपाळ्यावर आडवे होऊन, एका हातात भजं धरून त्यांनी पोथी उघडली. मी माझं भजं हळूच बशीत परत ठेवलं.

पोथी ते कादंबरीसारखी वाचतात. बोटाला थुंकी लावून पान उलटतात, खूण म्हणून साडीचा कटपीस घालतात, आणि आंघोळ करून वाचा म्हटलं तर, "त्यानं गोष्ट बदलते का?" सगळी उमर जवळच्या सचिन गावी कापडाच्या लूम्समध्ये गेल्यामुळे कवीलाही ते कारागीरच समजतात. "हे बघा, इथे धागा तुटलाय आणि यानं मशीन थांबवलंच नाही," असं ओवीवर बोट ठेवून बिनदिक्कत सांगतात. एखादी ओवी आवडली की मात्र तीच पुन्हा पुन्हा वाचतात आणि "वा रे पठ्ठ्या!" म्हणून मांडीवर थाप मारतात. ऐकताना मी मनातल्या मनात देवाची माफी मागत असतो, मामांच्या वतीनं आणि माझ्याही.

तरी श्रावण लागला की बायका त्यांनाच बोलावतात, कारण ते वाचायला लागले की पोरंसुद्धा मोबाईल खाली ठेवतात. एकदा शेजारच्या घरी वाचताना, देव एका निरपराध बाईला शाप देतो त्या जागी मामा थांबले. चष्मा काढला आणि म्हणाले, "देवाचं इथे चुकलंय. बाईचा काही दोष नव्हता." घरमालकिणीनं आरतीचं ताट खाली ठेवलं. आता आपल्याला इथून हाकलणार, म्हणून मी चपला कुठे काढल्यात ते आठवू लागलो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक म्हाताऱ्या आजी डोळे पुसत म्हणाल्या, "मना मनमा बी हाईच व्हतं, पन बोलानी हिंमत नही व्हती." मामांनी चष्मा चढवला आणि पुढचा अध्याय लावला.

मामी मात्र पक्क्या देवभोळ्या. देवापुढे दोनदा वाकायच्या. दुसरा नमस्कार कुणाचा, असं विचारलं तर हसून म्हणायच्या, "त्यासना वाटानं बी मीच करस." या वाटणीवर त्यांचा संसार विनातक्रार चालला होता.

यंदा मामींच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आत नेण्याआधी त्यांनी मामांचा हात धरला. "खरं सांगा. मी गयी ते आपन परत भेटसूत ना?" देवालाही तोंडावर चुकलास म्हणणारा हा माणूस, आता बायकोला काय सांगणार? निदान आज तरी खोटं बोला हो मामा, असं मला ओरडावंसं वाटत होतं. मामांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "भेटसूत," म्हणाले. "भेटसूतच." आजवरच्या त्यांच्या सगळ्या पाखंडानं बसला नव्हता एवढा धक्का मला त्या एका शब्दानं बसला.

मामी परत आल्या नाहीत.

बऱ्याच दिवसांनी मी धीर करून म्हटलं, "मामा, त्या दिवशी तुम्ही मामींना जे..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "बापू, मी त्यातलं काही मानत नाही. पण म्हणताना खोटं बोलतोय असं वाटलंच नाही बघा." मग लहान मुलासारखं माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही तर मानता. भेटत असतील का हो माणसं?"

मी तोंड उघडलं. आणि मला हो म्हणता आलं नाही.