तानुबाई ‘न्हाई’ म्हणाली

उभं आयुष्य रंगभूमीवर काढलं. भर प्रवेशात पडदा कोसळलेलाही पाहिला. पण परवा आमच्या सांगलीच्या वृद्धाश्रमात जे ऐकलं, त्यापुढं ते काहीच नव्हतं.

तानुबाई माझ्या शेजारच्या खाटेवरची. माणदेशातली धनगरीण. चाळीस वर्षं मेंढरांमागं चालली; चारा जिकडं, तिकडं बिऱ्हाड. चार वर्षांपूर्वी धनाजीनं, तिच्या लेकानं, इथं आणून सोडली. तेव्हापासून ती सगळ्यांच्या भाकरी थापायची, खळखळून हसायची. आश्रमात सुखी कोण, तर तानुबाई, असं आम्ही म्हणायचो.

परवा सोनिया नावाची मुलगी आली. आश्रमात राहणाऱ्यांची मोठी पाहणी व्हायची होती. त्याआधी त्यातले प्रश्न आम्हाला नीट कळतात का, ते ती तपासत होती.

“आजी, तुम्ही इथं स्वतःच्या मर्जीनं राहता का?”

व्यवस्थापक नानासो दारातच उभे. आम्ही साऱ्याजणी “होय” म्हणालो.

तानुबाई म्हणाली, “न्हाई.”

“अगं तानू!” मी ओरडलेच.

“काय अगं? डोळ्याच्या आप्रेशनला आठ दिस ऱ्हा म्हनला धनाजी. डोळा बरा झाला, त्यो काय आला न्हाई. मला माळावर जायाचंय. लिव्ह, पोरी.”

सोनियाचं पेन हललं नाही. “आजी, आज उत्तरं लिहायची नाहीत. फक्त प्रश्न बरोबर आहे का, ते बघतेय.”

“म्हंजी बोलले त्ये वाया? चार वर्सांत पयल्यांदा कुनी इचारलं, आन् त्येबी लटकं? ह्या आमच्या नाटकवालीवानी?”

पोरगी रडवेली झाली. तानुबाई दाराकडं वळली. “आवं नानासो, मी गेले तर चालंल का?”

नानासो गडबडले. “तुमाला अडवलंय कुनी? अंगठा उठवा आन् जावा. मला वाटलं, तुमी लय खुशीत हाय.”

“व्हय? आन् मला वाटलं, धनाजी आल्याबिगर सोडत न्हाईत.”

चार वर्षं! शेजारी झोपून मीही कधी विचारलं नाही. तिच्या हसण्याला नुसती दाद देत राहिले.

तासाभरात तिनं गाठोडं बांधलं.

“धनाजीनं घरात घेतलं नाही तर?” मी चाचरत विचारलं.

“तर भावकीच्या मेंढरांमागं जाईन. उघड्यावर निजायची सवं हाय मला. तू नगं रडू, येडे.”

तिनं नोंदवहीत अंगठा उठवला. नानासो धनाजीला फोन लावत होते. तो लागेपर्यंत तानुबाई दहिवडीच्या एसटीसाठी फाटकाबाहेर पडलीसुद्धा होती.