फाटकावरची पाटी

त्या दुष्काळात उदगीरच्या आमच्या गल्लीत एका आमच्याच बोअरला पाणी उरलं होतं. रोज संध्याकाळी मी ओट्यावर उभी राहून ताट वाजवायची, की बाया घागरी घेऊन यायच्या. पाण्याला नाही म्हणायचं नसतं, एवढंच आईनं शिकवलेलं. त्याच साली घरात वायफाय आलं, तर मी त्याचा पासवर्डही खडूनं पाटीवर लिहून फाटकाला अडकवला. नेट काय घागरीत भरून नेतंय कोण? स्वतःचा मोठा अभिमान वाटला होता.

मग मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आला. मुदत पाचची. साडेचारला स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत होतं, आणि मोबाईलला रेंज नव्हती. मुलीनं राउटरचं पान उघडलं. राउटर म्हणजे ती लुकलुकणारी डबी. केबलमधून आलेलं नेट ती घरातल्या फोन-कॉम्प्युटरला वाटते, आणि कुणाचं कुणाला जाऊ नये म्हणून प्रत्येकाला एक नंबर देते. तो आयपी ॲड्रेस. आमच्या घरात यंत्रं तीन. यादीत नंबर मात्र एकोणीस.

"आई, बँडविड्थ म्हणजे पाइपाची जाडी समज. पाइप एक अन् नळ एकोणीस. त्यात फॉर्म आपल्याकडून पाठवायचा, म्हणजे अपलोड. त्याचा पाइप आणखीन बारीक."

ती पासवर्ड बदलायला निघाली. बदलला की सगळे आपोआप तुटतात म्हणे. मी तिचा हात धरला. न सांगता असं कुणाचं बंद करतात होय? तरातरा ओट्यावर गेले आणि, काय सुचलं देव जाणे, ताट वाजवलं.

दोन मिनिटांत सारी गल्ली घागरी घेऊन दारात. आज पाणी लवकर, म्हणून चेहरे उजळलेले. कसंबसं सांगितलं, पाणी नाही, पोरीचा फॉर्म अडकलाय, पंधरा मिनिटं सगळ्यांनी वायफाय बंद करा.

समोरचे काका मोबाईल हातात धरूनच आले होते. "ताई, उदगीरचा नवा जिल्हा जाहीर करायलेत. लाइव्ह चालू हाय."

"लई वर्षं झाली जाहीरच करायलेत," शेजारीण म्हणाली. "जिल्हा थांबतोय, पोरीचं कॉलेज थांबत न्हाई. बंद करा ते."

काकांनी तोंड वाकडं करून बंद केलं. बाया आपापल्या घरातलं वायफाय बंद करायला गेल्या. पाचला सात मिनिटं असताना आतून हाक आली, "गेला, आई."

मी पाटी पुसायला फाटकाशी गेले, तर बाया परत आल्या होत्या, रिकाम्या घागरी कमरेवर. ताट वाजलं होतं ना. मी बोअरची मोटार चालू केली. आत अजून पुरतं पाणी साठलं नव्हतं, आमच्या वाट्याचंही घागरींत गेलं. दुसऱ्या दिवशी आमच्या घरात कुणी आंघोळ केली नाही.

मुलीनं त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलला. कॉलेजला निघेपर्यंत तो तिनं मलाही सांगितला नाही.