आरशाला बांधलेला टॉवेल

रादिसाव मामा गाड्या दुरुस्त करतो, पण गावात त्याचं नाव आहे ते डाग न सोडण्याबद्दल. दुसऱ्याच्या अंगणात बॉनेट उघडलं, तर खाली आधी लाकडाचा भुसा पसरणार. काम झालं की भुसा झाडून फरशीवर चुलीतली राख चोळणार, आणि मग चार पावलं मागे सरून, भिंतीवरचं चित्र बघावं तसं फरशीकडे बघणार. जेवायच्या आधी सूर्यफुलाचं तेल नि धुण्याची पावडर घेऊन हात इतका वेळ घासतो, की मिलुंका मामी ओरडते, "सूप गार झालं! कातडं तरी राहू दे अंगावर!"

त्याचे स्वतःचे कपडे मात्र मामीच धुते. त्यामुळे या कीर्तीत निम्मा वाटा आपला, हे ती त्याला विसरू देत नाही.

अशा माणसाला माझ्या मित्रानं, द्रागोल्युबनं, आपल्या लग्नात कूम केलं. कूम म्हणजे लग्नाचा साक्षीदार, पुढे होणाऱ्या पोरांचा धर्मपिता, आणि जेवणात सगळ्यांत चांगल्या तुकड्याचा धनी. कूम म्हणजे शर्टाचं बटण नव्हे, असं आमच्याकडे म्हणतात. तुटलं की दुसरं लावलं, असं चालत नाही. मामा त्या दिवसापासून गॅरेजमध्येसुद्धा ताठ चालायला लागला.

वऱ्हाडाच्या गाड्यांच्या आरशांना आम्ही टॉवेल बांधतो. कूमच्या गाडीसाठीचा टॉवेल नवरीच्या आजीनं, स्तामेनाआजीनं, मुद्दाम धाडला. तरुणपणी तिनं तो स्वतः मागावर विणला होता, टोकांना लाल कोंबडे भरले होते. सोबत निरोप: "माझ्या दारात येताना हाच आरशावर दिसला पाहिजे." स्तामेनाआजीच्या निरोपाला उत्तर द्यायची पद्धत तिच्या खोऱ्यात नाही.

निघालो. पुढे मामाची गाडी, मागे बाकीचं वऱ्हाड. मामी मामाशेजारी, मी मागे, माझ्या मांडीवर परातीत भाजलेलं अख्खं डुकराचं पिल्लू. घाट चढताना मामानं नाक वर केलं. "जळक्या तेलाचा वास येतोय."

"पिल्लाचा वास आहे तो," मामी म्हणाली.

"मला इंजिन आणि डुक्कर यांतलं कळतं, मिलुंका."

गाडी थांबली. मामा कोट काढून उतरला, बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी ओढली. आणि त्याचा डावा हात, ज्या हातानं आयुष्यभर आरशाला अडकवलेलं फडकं घेतलं, तो आपोआप आरशाकडे गेला.

पट्टी पुसून झाल्यावर त्याला कळलं.

मागच्या गाडीतला अकॉर्डियनवाला वाजवायचा थांबला. कोंबड्याच्या पायाशी काळाभोर पट्टा. इतकी वर्षं लोकांच्या फरश्या घासून पुसून ठेवणारा माणूस, आणि आता त्या म्हातारीच्या फाटकात हे मिरवत जाणार! "दुसरा कूम बघा," तो एवढंच पुटपुटला.

"वऱ्हाड सोडून पळून जाणार का आता?" मामी उतरली. द्रागोल्युब पाण्याची बाटली घेऊन धावत आला, तर त्याच्यावरच डाफरली, "पाणी लावशील तर बघ! बसेल तो डाग जन्मभर. सर बाजूला." मग माझ्याकडे वळली. "पिल्लाचं पोट इकडे कर."

पोटाखालची पांढरी चरबी तिनं बोटांवर घेतली आणि डागावर हळूहळू चोळली. "चरबीला चरबीच ओढून काढते. तुला काय वाटलं, तुझे डगले मी प्रार्थनेनं धुते?"

काळं सुटायला लागलं. आता साबण हवा होता, तोही घरी चरबी नि क्षार उकळून केलेला. वरच्या वळणावरच्या घरातून एक बाई गंमत बघतच होती. तिनं साबणाची वडी नि कोमट पाण्याचं घमेलं आणलं, पण वऱ्हाडानं प्लमच्या घरगुती दारूचा, राकियाचा, घोट घेतल्याशिवाय वडी हातची सोडेना. मामी साबण लावी, टॉवेल खळबळून काढी, पुन्हा लावी. मामा उगाच वरून सांगत होता, "तुरा सांभाळ, लाल रंग जाईल!"

"तू इंजिन बघ!"

इंजिनला काहीच झालेलं नव्हतं. पिल्लाचाच वास होता.

डाग पार गेला. ओला टॉवेल पुन्हा आरशाला बांधला आणि तो वाऱ्यावर फडफडवत आम्ही नवरीच्या दारी पोचलो. मामाचा चेहरा उजळला होता.

स्तामेनाआजी काठी टेकत थेट आरशापाशी आली. टॉवेल हातात धरला, आणि आम्हा सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. इतकी वर्षं पेटीत पडून टॉवेल पिवळा पडला होता. फक्त कोंबड्याच्या पायाशी एक तळहाताएवढा तुकडा पांढराशुभ्र होता.

"इथं काय सांडलं होतं, कूमबुवा?"

मामानं टोपी काढली. "तेल. मी पट्टी पुसली, आजी. सवयीनं."

म्हातारीनं टॉवेल हुंगला. "डुकराची चरबी. आणि धुतलं कोणी?"

"हिनं."

"वाटलंच." तिनं काठीनं अंगणातला लाकडी टब दाखवला. "नवरी न्यायची तर झाडाला टांगलेलं सफरचंद गोळीनं पाडायचं, हे नवरदेवाचं काम. कूमचं काम आज मी ठरवते. एवढं पांढरं केलंत, आता बाकीचंही करा. तोवर नवरी बाहेर येत नाही."

"मी करते," मामी पुढे झाली.

"तू बस गं. राकिया घे. इतकी वर्षं तूच धुतेस ना?"

मग कोट उतरवून, बाह्या सारून रादिसाव मामा टबाशी बसला. अकॉर्डियन सुरू झालं. मामी खुर्चीवर पाय ताणून सूचना देत होती: "पिळू नकोस, दाब! कोंबडा आहे तो, गिअरबॉक्स नव्हे!" सगळं अंगण हसत होतं, आणि टबाशी मामाही. टॉवेल एकसारखा पांढरा होऊन दोरीवर चढला, तेव्हा आजीनं स्वतः नवरीला हात धरून बाहेर आणलं.

रीतीप्रमाणे टॉवेल कूमकडेच राहिला. गॅरेजात सगळ्यांत वरच्या खिळ्यावर, घडी घालून, प्लॅस्टिकमध्ये. आरशाला फडकं अडकवायचं मामानं कायमचं सोडलं. आता तो ते पँटच्या मागच्या खिशात खोचतो. त्यामुळे सगळ्या पँटींना मागे काळे ठसे पडलेत, आणि मामी दर शनिवारी चरबीचं भांडं काढते.

टबाशी मात्र हल्ली मामा बसतो.