गव्हर्नरसाहेबांचा डावा हात

रिटायर झालेली चार मराठी माणसं व्हॉलंटियर म्हणून एका जागी आली, की कामापेक्षा किस्सेच जास्त होतात. आम्ही दर शनिवारी अमेरिकेतल्या श्रूजबरीजवळच्या एका गावात, एका जुन्या गव्हर्नरच्या घरात गाइड असतो. मी, माझा नवरा मोहन, शेजारचे शरदकाका आणि नलूकाकू. हा गव्हर्नर आधी सैनिक. इथल्या यादवी युद्धात उजवा हात गेला, तरी बाबा घरी बसला नाही. निवडणूक लढवून सगळ्या स्टेटचा कारभार केला. आम्ही त्याला आपलं ‘साहेब’ म्हणतो. म्युझियम सांभाळणाऱ्या लिंडालासुद्धा आता तीच सवय लागलीय.

*

मोहनने हौसेने मराठी माहितीपत्रक केलं, त्यात ‘राज्यपाल’ लिहिलं. नागपूरहून मुलीकडे आलेल्या एका आजींनी ते वाचून विचारलं, यांना वॉशिंग्टनहून पाठवलं होतं का? मोहन म्हणाला, छे हो, लोकांनी निवडून दिलं, कायदे, बजेट सगळं हेच बघायचे.

“मग सरळ मुख्यमंत्री लिहा ना,” आजी म्हणाल्या. “कामाच्या माणसाला उगीच रिकामं बसवलंत.”

मोहनने सगळी पत्रकं परत प्रिंट केली.

*

आपली मंडळी कुठेही गेली की दारात बूट काढणार. एकदा त्यांच्यामागोमाग ओहायोचा एक ग्रुप आला. त्यांनी ती बुटांची रांग बघितली आणि हा इथला नियमच समजून आपलेही बूट काढले. लिंडा वर पोचली तेव्हा साहेबांच्या बेडरूममध्ये वीसेक माणसं मोज्यांवर उभी! आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून मी जागीच गारठले. पुढच्या शनिवारी बघते तर दारात बोर्ड: कृपया बूट काढावेत. जुनी लाकडी जमीन बाईंना जिवापेक्षा प्यारी.

*

पुण्याच्या पाहुण्यांना टूर देताना मोहन रंगात आला. “साहेबांनी स्टेट एकहाती चालवलं,” असं बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. कारण शेजारीच शरदकाका उभे. स्ट्रोक आल्यापासून वर्षभर त्यांचाही उजवा हात लुळा पडलेला. पण काकाच हसले.

“बरोबर आहे की. अगदी शब्दशः.”

त्यांना इतक्या महिन्यांनी हसताना बघून मला भरून आलं यार, खरंच.

*

हसले, पण चारचौघांत जेवायचे मात्र नाहीत. डाव्या हाताने अन्नाला शिवायचं नाही, हे लहानपणापासून हाडात भिनलेलं. चमच्याने खा म्हटलं तर म्हणत, डावा तो डावाच. सगळ्यांनी आपापला पदार्थ आणायच्या पॉटलकला येऊन ‘भूक नाही’ म्हणून बसायचे. घरी काकू भरवायच्या. डावा हात वापरला नाही तर पुढे सगळंच अवघड होईल, असं थेरपिस्ट बजावून थकली. काकू एकदा मला हळूच म्हणाल्या, “उद्या मला काही झालं तर यांना कोण भरवेल गं?”

*

मागच्या महिन्यात लिंडाने काकांसमोर एक जुनी वही ठेवली. हात गेल्यावर साहेब ज्या वहीत डाव्याने लिहायला शिकले, ती. सुटलेली पानं क्रमाने लावायची होती. काकांचा जन्म इंजिनियरिंग ड्रॉइंग तपासण्यात गेलेला, म्हणून काम त्यांच्याकडे. पहिल्या पानांवर बालवाडीतल्यासारखे वेडेवाकडे ए, बी, सी. मध्येच खाडाखोड, एका जागी नीब इतकं दाबलेलं की कागद फाटलाय. शेवटच्या पानावर झोकात सही. काका दुपारपर्यंत तीच पानं पुढेमागे करत बसले.

मग आम्ही मागच्या पोर्चमध्ये जेवायला बसलो. काकूंनी डबे उघडले. काकांना विचारायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. काकांनी आपणहून प्लेट ओढली आणि डाव्या हातात चमचा धरला. वरणभात अर्धा तोंडात, अर्धा शर्टावर. मोहन झाडाकडे बघत राहिला, मी लोणच्याच्या बाटलीकडे. वर्षभर काकांनी काकूंच्या स्वयंपाकाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. जी भरवते तिला काय नावं ठेवायची?

दुसरा घास खाऊन ते म्हणाले, “नलू, मीठ कमी पडलंय.”

काकू मीठ आणायला म्हणून उठून आत गेल्या. मीठ समोरच होतं.